निरोगी पेशींचं दर्शन

आमच्या सरांची माणसांपेक्षा पेशींवर जास्त माया होती, असं संस्थेत सगळे म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. ज्या पेशींवर त्यांनी माया केली त्यांचे काय हाल झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या मानाने आम्ही माणसं स्वस्तात सुटलो. मनीषा सोडून.

सर म्हणजे माझे पीएचडीचे गाइड. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्यांची कॅन्सरवर काम करणारी लॅब होती आणि माझी ऐन उमेदीची वर्षं तिथे गेली. उंच, काटकुळे, डोळ्यांवर जाड चष्मा, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. हेल्मेट ते स्कूटरला न अडकवता काखेत घेऊन वर यायचे, कारण पार्किंगमधल्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता. लॅबमधल्याही कुणावर नव्हता, पण हेल्मेट कुठेतरी ठेवायला हवं म्हणून ते माझ्या टेबलावर ठेवत, माझ्या कागदांवर, आणि मग "कागद चुरगळलेत तुझे," असं मलाच सांगत.

उभं आयुष्य त्यांनी एका जनुकावर काढलं. जग त्याला पी-फिफ्टीथ्री म्हणतं. सर 'त्रेपन्न' म्हणत. परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतानाही "द त्रेपन्न जीन" असंच. पाहुणे अदबीने मान डोलावत. हे भारतात सापडलेलं काहीतरी निराळंच जनुक आहे, असं बहुतेकांना वाटत असावं. आम्ही पाठीमागे सरांनाच त्रेपन्न म्हणायचो. "त्रेपन्न आला का?" "पार्किंगमध्ये भांडतोय."

हे जनुक करतं काय, ते आधी सांगते. ते आपल्या प्रत्येक पेशीत असतं. त्याचं प्रथिन एरवी तयार होतं आणि लगेच मोडीत निघतं, त्यामुळे शोधायला गेलं तर जेमतेम सापडतं. पण पेशीवर ताण आला, तिच्या डीएनएला इजा झाली, की ते साठायला लागतं आणि पेशीला म्हणतं, थांब. आता विभागायचं नाही, आधी दुरुस्ती कर. दुरुस्ती जमली तर पेशी पुन्हा कामाला लागते. नाही जमली तर हेच प्रथिन तिला मरायला लावतं, म्हणजे बिघडलेली पेशी वाढत जाऊन तिची गाठ होत नाही. हे जनुकच बिघडलं तर पेशीला थांबवणारं कुणी उरत नाही. कितीतरी कॅन्सरांमध्ये ते तसं बिघडलेलं सापडतं.

"मी या लॅबचा त्रेपन्न आहे," असं सर आम्हाला दर पंधरवड्याला ऐकवायचे. "मी नसलो तर तुम्ही मोकाट सुटाल." आमचं टोपणनाव त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, देव जाणे. पण त्यांचं म्हणणं अर्धवट खरं होतं. थांबवणं त्यांना जमायचं. कुणाचा शोधनिबंध तयार झाला की थांबवायचे, कुणी परिषदेला निघालं की थांबवायचे. "सर, काम पुढे सरकलंय," असं कुणी सांगितलं की म्हणायचे, "गाठही पुढेच सरकत असते." मरायला लावणंही जमायचं. मधली पायरी, ती दुरुस्तीची, तेवढी त्यांना ठाऊक नव्हती.

त्यांचा राग ओळखायची खूण होती. खूश असले की 'तू', रागावले की 'आपण'. "आपण आज अकराच्या आत आलात, काही अडचण नाही ना घरी?" किंवा, "त्या पिपेटच्या हातून आपला काही अपराध झाला आहे का? नाही, तिला अशी धरलीय म्हणून विचारतो." नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यात त्यांच्या सौजन्याने भारावून जायची.

एका विद्यार्थ्याने लग्नाची पत्रिका दिली तर सरांनी तारीख बघून विचारलं, "पेशींना सांगितलंस?" तरी लग्नाला आले. पंगतीत मुलीच्या वडिलांशेजारी बसले आणि पेशी आत्महत्या कशी करते ते त्यांना जिलबी वाढेपर्यंत समजावून सांगितलं. पेशी आतून कशी कुरतडली जाते, तिचे तुकडे कसे होतात, शेजारच्या पेशी ते कसे खातात. मुलीच्या वडिलांनी जिलबी घेतली नाही.

स्वच्छतेचं आणि शिस्तीचं वेड म्हणाल तर विचारू नका. पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढवतात त्याला आम्ही मीडियम म्हणतो. त्याच्या बाटल्या चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवायच्या हा सरांचा पहिला नियम. त्या द्रवात एक जीवनसत्त्व असतं. त्यावर बराच वेळ प्रखर उजेड पडला तर द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. हे पुस्तकात आहे आणि सरांनीच आम्हाला ते पहिल्या दिवशी शिकवलं. एखाद्या बाटलीचा कागद कोपऱ्यात फाटलेला दिसला की सर ती बाटली उचलून सगळ्यांसमोर बेसिनमध्ये ओतायचे. "उन्हात वाळत घातलेत का पापड?" महागडा द्रव गुळगुळ करत नळीत जायचा आणि आम्ही माना खाली घालून उभे राहायचो.

आणि मग सर स्वतः दर्शनाला बसायचे.

दर्शन हा आमचाच शब्द. रोज सकाळी आल्यावर हेल्मेट माझ्या टेबलावर, मग हात धुणं, मग हातमोजे, त्यांवर स्पिरिट, आणि मग इनक्यूबेटरचं दार उघडून सर एक फ्लास्क बाहेर काढत. आमच्या प्रत्येक प्रयोगात दोन फ्लास्क असायचे. एकातल्या पेशींना औषध दिलेलं, दुसऱ्यातल्या पेशींना काहीच दिलेलं नाही. त्या दुसऱ्याला कंट्रोल म्हणतात. पहिल्यात त्रेपन्नचं प्रथिन किती वाढलं, हे कळायला दुसरा लागतो. सर दर्शनासाठी नेहमी कंट्रोल घ्यायचे. औषध दिलेल्या पेशींना हात लावत नसत. "आजाऱ्याला सारखं उठवून बसवू नये," म्हणायचे.

कंट्रोल मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, दिवा लावायचा आणि बसायचं. पेशींशी बोलायचे, आणि माणसांशी ज्या आवाजात बोलत नसत त्या आवाजात बोलायचे. "काय गं बायांनो, बऱ्या आहात ना? तू कोपऱ्यात का बसलीस?" आम्ही मागून हातवारे करत असू. मनीषा कधी हसली नाही. ती म्हणायची, "माझे बाबा गाईशी असंच बोलतात."

पाहुणे आले की दर्शन पुन्हा. सोसायटीचे सेक्रेटरी, कुणाचे काका, शाळेची सहल, सगळ्यांना सर तोच फ्लास्क दाखवायचे, घरात पाहुणे आले की हुशार मुलालाच पाढे म्हणायला उभं करतात तसं. एकदा त्यांचे साडू आले, मांजरी गावचे, उसाचे मोठे बागायतदार. सरांनी त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं.

साडू म्हणाले, "दिसत्यात की. पर करत्यात काय ती?"

"जगतायत," सर भारावून म्हणाले.

"आसं व्हय. मग आमीबी त्येच करतोय की."

सर हसले नाहीत. त्यांनी साडूंना त्रेपन्नचं सगळं आख्यान लावलं आणि तेवढा वेळ फ्लास्क दिव्याखाली होता.

मनीषा अमरावतीची. माझ्या आधी दोन वर्षं लॅबमध्ये आलेली. धायरीत एका खोलीत राहायची, सिंहगड रोडची सगळी गर्दी ओलांडून सगळ्यांच्या आधी पोचायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. तिचे हात लॅबमध्ये सगळ्यांत चांगले होते. हे मी मैत्रिणीच्या मायेने म्हणत नाही. सर स्वतःच म्हणायचे. पाहुण्यांना पेशी दाखवून झाल्या की ते मनीषाला दाखवायचे. "ही आमची अमरावतीची. बघा, हात कसा स्थिर आहे." मनीषा हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटात, हात घालून बसलेली असायची आणि तिला मान वर करून हसावं लागायचं.

तिचा प्रयोग साधा होता. एक औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर त्रेपन्न जागं होतं का, हे बघायचं. कमी मात्रा असल्यामुळे वाढही थोडीच दिसणार, म्हणून कंट्रोल लख्ख हवा. प्रथिन असलं तर फिल्मवर काळी पट्टी उमटते. औषधाच्या बाजूला पट्टी आणि कंट्रोलच्या बाजूला कोरी जागा, एवढं आलं की तिचा प्रबंध पुरा. पहिली वर्षं ते येतही होतं. नंतर कंट्रोलच्या बाजूलाही पट्टी उमटायला लागली. आधी पुसट, मग ठळक. म्हणजे ज्या पेशींना कुणी काहीच केलं नव्हतं, त्याही संकटात असल्यासारख्या वागत होत्या.

मनीषाने सगळं बदलून पाहिलं. नवीन मीडियम, नवीन पेशी, नवीन औषध. दर पायरीला हातमोजे बदलायला लागली, इतके की स्टोअरवाले तक्रार घेऊन आले. मग हात धूत राहायची. बोटांची कातडी सोलवटून निघाली तरी धुवायची. एकदा जिन्यात बसली होती, मी शेजारी जाऊन बसले. म्हणाली, "सगळं तसंच तर करून राहिली मी. काहून असं होते, समजूनच नाही राहिलं मले." पुण्यात येऊन तिने आपली बोली अगदी आत ठेवून दिली होती. त्या दिवशी ती बाहेर आली.

तिची विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ चालू होती. जुलैच्या आत सरांची सही होऊन प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि सगळी वर्षं पाण्यात. हे सरांना माहीत होतं. मार्चमध्ये लॅबच्या मीटिंगला सरांनी तिची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. डोळ्यांच्या अगदी जवळ धरली, मग लांब नेली, मग पुन्हा जवळ आणली.

"हे काय?"

"कंट्रोल, सर."

"आणि हे?"

"औषध दिलेलं."

"मला दोन्ही सारखीच दिसतात. आपल्याला फरक दिसत असेल तर आम्हा सर्वांना समजावून द्यावा."

मनीषाने सोलवटलेली बोटं मुठीत लपवली.

"पेशी खोटं बोलत नाहीत. कुठेतरी औषध सांडतंय, नाहीतर पिपेट तीच वापरली जातेय. हात घाण झालेत आपले. असल्या कंट्रोलवर मी सही करणार नाही. आपण गावी गेलात तरी चालेल. तिकडे कॉलेजं आहेत, शिकवता येईल."

एक गोष्ट मान्य करायला हवी. सरांनी जन्मात कधी आकडा फिरवला नाही की फिल्म झाकली नाही. घाणेरड्या कंट्रोलवर डोळेझाक करून सही ठोकणारे गाइड याच शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांचे विद्यार्थी सुखात आहेत. सरांचा प्रामाणिकपणा खरा होता. फक्त तो नेहमी दुसऱ्याच्या हाताकडे बघायचा.

मनीषा त्याच आठवड्यात अमरावतीला गेली आणि तिथल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायला लागली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हात दाखव." मी गोंधळून तळहात पुढे केले. त्यांनी ते खरोखर उलटेपालटे करून पाहिले. "ठीक आहेत. मनीषाचं काम आता तू कर."

पुढच्याच आठवड्यात सर एका समितीच्या कामासाठी दिल्लीला गेले. महिनाभर यायचे नव्हते. समिती मोठी असावी, असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. "अगं, यांचे डोळ्यात घालायचे थेंब तिथल्या फ्रिजमध्ये राहिलेत का? डॉक्टर ओरडतायत. ऑपरेशननंतर खंड पडायला नको म्हणे."

"कसलं ऑपरेशन, काकू?"

"मोतीबिंदूचं. का, तुम्हाला बोलले नाहीत? दोन-तीन वर्षं अंगावर काढला हो. शेवटी जिन्यात पडले, तेव्हा तयार झाले."

थेंब फ्रिजमध्ये होते. फिल्मवर पट्टी उमटवायला लागणाऱ्या अँटिबॉडीच्या डब्यामागे, चांदीच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेले. मायक्रोस्कोपवर आयुष्य काढलेल्या माणसाने आपल्याला दिसत नाही हे कबूल कसं करायचं! त्यापेक्षा दिल्ली बरी. मला त्यांचा मायक्रोस्कोप आठवला. गेली दोन-तीन वर्षं ते म्हणत होते, बल्ब उतरलाय. दिव्याचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे. मग आमच्याकडून जास्त प्रखर एलईडी मागवून घेतला आणि त्याचंही बटण शेवटपर्यंत फिरवलं. आम्हाला त्यात बघताना डोळ्यांत पाणी यायचं. सरांना मात्र "आता कुठे जरा बरं" वाटायचं.

त्या महिन्यात मी मनीषाचा प्रयोग केला. तिच्याच कागदावरून, तिच्याच पद्धतीने, तीच औषधाची बाटली. कंट्रोल कोरा आला. पुन्हा केला, पुन्हा कोरा. मला आनंद व्हायच्या आधी मनीषाच्या सोलवटलेल्या बोटांची आठवण झाली. सरांना फोन केला तर दिल्लीतला तो आवाज गरजला, "हात! मी म्हणत नव्हतो? हात बदलले की झालं!" मागून काकूंचा आवाज आला, "अहो, बोलू नका जोरात, ताण येतो डोळ्याला."

सर परत आले ते वेगळेच होऊन. चष्मा गेला होता. आल्याबरोबर दर्शनाला बसले आणि थोड्या वेळाने ओरडले, "अगं, इकडे या सगळे! यांच्या कडा दिसतायत! मधलं केंद्रक बघ, टिकल्यांसारखं!" आवाज भरून आला होता. इतक्या दिवसांत त्यांनी या पेशी नीट पाहिल्याच नव्हत्या, हे तेव्हा कळलं. धुक्यालाच ते रोज बऱ्या आहात ना म्हणून विचारत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला ते आवडले.

तेवढ्यापुरतेच. कारण पुढे ते तिथून उठेचनात. डोळा सुधारला होता, हाताची सवय सुधारली नव्हती. बटण शेवटपर्यंत फिरवलेलंच. सकाळी दर्शन, जेवणानंतर दर्शन, मध्ये पाहुणे. दोन आठवड्यांत माझ्या कंट्रोलला काळी पट्टी आली.

सरांनी फिल्म पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी 'आपण' झाले. रडू आलं नाही, उलट डोकं एकदम थंड झालं. मनीषाचे हात वेगळे, माझे वेगळे. महिनाभर माझे हात चांगले होते आणि आता नाहीत. त्या महिन्यात इथे काय नव्हतं? मी वर बघितलं. शेल्फवर चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या मीडियमच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यासमोर, दोन हातांवर, तेच मीडियम भरलेला कंट्रोलचा फ्लास्क उघडाबोडका त्या प्रखर दिव्याखाली पडला होता आणि सर त्यात डोकावून कुणाला तरी विचारत होते, "काय, आज मान टाकलीस ती?"

टाकणारच. ज्यांना कुणी काही करायचं नव्हतं, त्यांनाच रोज भाजून काढलं जात होतं. त्रेपन्न बिचारं आपलं काम चोख करत होतं. संकट आहे म्हणून ओरडत होतं आणि सर त्याचा दोष मुलींच्या हातांना देत होते.

सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. नव्या प्रयोगाला मी तीन फ्लास्क लावले. एक औषधाचा, एक कंट्रोल, आणि आणखी एक कंट्रोल, ज्याला मी चांदीचा कागद गुंडाळला आणि वर मोठ्या अक्षरांत 'औषध' लिहून मागच्या कप्प्यात ठेवला. आजाऱ्यांना सर हात लावणार नाहीत, याची खात्री होती. त्यांनी लावलाही नाही. समोरच्या कंट्रोलचं मात्र त्या आठवड्यात भरपूर दर्शन झालं.

फिल्म आली. औषधाला पट्टी, समोरच्या कंट्रोलला पट्टी, कागदातला कंट्रोल कोरा. मी ती सरांच्या टेबलावर ठेवली आणि कुठला फ्लास्क कुठे होता, ते सांगितलं. हात नाही सर, उजेड, असंही सांगितलं.

"फिल्म उलटी धरली असशील."

"सुलटी आहे, सर."

"अँटिबॉडी जुनी झाली असेल."

"तिन्हींना एकच लावलीय."

"मी आयुष्यभर पेशी बघतोय."

"हो सर. तेच म्हणतेय."

त्यांनी फिल्म उचलून पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरली. मग म्हणाले, "मी स्वतः करून बघेन." आणि केलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा स्वतः पेशी लावल्या, स्वतः फिल्म धुतली. त्या दिवसांत ते सकाळी येऊन हात धुवायचे, हातमोजे घालायचे, इनक्यूबेटरसमोर उभे राहायचे आणि दार न उघडता परत जायचे. बघणाऱ्याला दया यावी असंच ते होतं. मला आली नाही. मला मनीषा बसली होती तो जिना आठवत होता.

त्यांच्या हातूनही तेच निघालं.

पुढच्या मीटिंगला सर फळ्यासमोर उभे राहिले आणि उजेड, जीवनसत्त्व, पेरॉक्साइड, त्रेपन्न असं सगळं आम्हाला तासभर शिकवलं. उत्तम शिकवलं. "आपल्या लॅबमध्ये असं आढळून आलं आहे," असं त्याचं तोंड होतं आणि "मुद्दा अत्यंत सूक्ष्म आहे, सहजी लक्षात येत नाही," असा शेवट. ज्या मुद्द्यापायी आजवर बाटल्याच्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या, तो सूक्ष्म! कुणाला काही शंका आहेत का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मनीषाचं काय?"

सर खडू झटकत राहिले. मग म्हणाले, "तू थांब. बाकीचे कामाला लागा."

सगळे गेल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि तो हातात धरून बसले. चेहरा असा, की जणू त्यांनाच कुणीतरी बाहेर काढलंय.

"काय म्हणू तिला?"

"सॉरी म्हणा, सर."

"ते झालंच गं. पण म्हणू काय?"

सरांनी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. मोबाइल कानाला लावत नसत. आपल्या पेशींना ताण नको, असं त्यांचं मत होतं. फोन उचलला गेला. मागे मुलांचा गलका होता.

"मनीषा, मी बोलतोय."

गलका एकदम लांब गेला. ती वर्गाबाहेर आली असावी. "हां, सर. बोला सर."

सर बोलले. जीवनसत्त्वापासून सुरुवात केली. उजेडाची लहर किती, पेरॉक्साइड कसं बनतं, डीएनएला इजा झाली की त्रेपन्न कसं साठतं. मनीषा मधून मधून "हो सर" म्हणत होती. "तर तुझ्या कंट्रोलमध्ये पट्टी येत होती ती यामुळे. फ्लास्क दिव्याखाली फार वेळ राहत असे." राहत असे! फ्लास्क जणू सकाळी उठून, आवरून, आपल्या पायांनी दिव्याखाली जाऊन बसत होता. मी टेबलाची कड घट्ट धरली. आता म्हणतील, मला वाटलं. आता पुढचं वाक्य तेच.

"जुलैपर्यंत मुदत आहे तुझी," सर म्हणाले. "सोमवारी ये. तेवढा प्रयोग पुन्हा करून घे, कागदात गुंडाळून. मी सही करतो."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. इतका वेळ आला नाही की मला वाटलं फोन तुटला. आणि मनात म्हटलं, बोल मनीषा. आता तरी बोल. तुझ्या बोलीत बोल, ओरड, मी आहे इथे.

मग तिचा आवाज आला, अगदी हळू, शुद्ध पुणेरी मराठीत.

"सॉरी सर. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. खांदे खाली आले होते. महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदाच ते सैल होऊन खुर्चीत मागे टेकले.

"असू दे, असू दे," ते मायेने म्हणाले, ज्या आवाजात ते पेशींशी बोलत त्याच आवाजात. "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

फोन ठेवला आणि समाधानाने माझ्याकडे वळले.

"गुणी मुलगी आहे," सर म्हणाले. "आपली चूक कबूल करायला मोठं मन लागतं."